जातं राहिलं, हात गेले

औरंगाबादची पाणचक्की घ्या. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून यायचं, त्यावर जातं फिरायचं, दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ पडायचं. तिचे फोटो पुष्कळ. पण आमच्या बोळिंजात ज्या बायांनी पहाटे उठून जातं ओढलं, त्यांचा फोटो कुठाय? नोंद यंत्राचीच ठेवायची, की राबणाऱ्याचीही?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव लिहून. मला तीच खरी नोंद वाटते. जातं आता बंगल्यापुढे शोभेला मांडतात. दगड जपणं सोपं हो! ज्यांनी दळलेलं आपण खाल्लं, त्यांची नावं तरी घरात माहीत हवीत. ती हौस नव्हे, देणं आहे.