मागणे कोणासाठी?

बुद्धिमत्ता सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सातत्याने येणाऱ्या अडचणीस अध्ययन अक्षमता म्हणतात. तिच्या या तीन रूपांना अनुक्रमे डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. मराठी माध्यमातील मुलाच्या वहीत वेलांट्या-उकार गळतात, जोडाक्षरे मोडतात, फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटते. आणि तेच मूल तोंडी उत्तर बिनचूक देत असल्यामुळे शाळा व घर दोघेही त्याला आळशी ठरवून मोकळे होतात.

महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळण्यास १९९६ मध्ये सुरुवात झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून तिला अनुरूप अध्यापन करण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकले. तरीही प्रत्यक्षात हे कर्तव्य बहुधा पालकांनी पाठपुरावा केल्यावरच जागे होते, आणि खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. ज्या आईला कायदा वाचता येतो, मुख्याध्यापकांसमोर न घाबरता बोलता येते, तिच्या मुलाला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. ज्या बापाला अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयातील तपासणीच्या प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याचे मूल मागेच राहते. गरज दोघांची सारखी असताना मदत मात्र पालकाच्या वाक्चातुर्यानुसार वाटली जावी, हा उघड अन्याय आहे.

म्हणून आपल्या मुलासाठी भांडणाऱ्या पालकाने गप्प बसावे, असे मुळीच नाही. त्याने मागावेच, आणि तेही दहावी तोंडावर आल्यावर केवळ प्रमाणपत्र नव्हे, तर दुसरी-तिसरीतच उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मुलाची नेमकी अडचण हेरून तिच्यावर स्वतंत्रपणे केलेले शिकवणे, मागावे. (उशिरा मिळालेल्या जादा वेळाने वाचता येऊ लागत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.) मात्र ही मागणी मुख्याध्यापकांच्या बंद दालनातच राहिली, तर तिचा लाभ एकाच मुलापुरता उरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ज्याच्या मुलाला मदत मिळाली आहे, अशा पालकाने त्या समितीच्या बैठकीत सर्वच मुलांच्या प्राथमिक चाचणीचा आणि विशेष शिक्षकाचा विषय मांडला, तर ज्यांचे पालक शाळेच्या पायरीवर येऊच शकत नाहीत, त्या मुलांचीही दखल घेणे शाळेला भाग पडते.