ययातीचे ऋण

म्हातारपण टळावे व सरलेले तारुण्य परत यावे, ही आस मनुष्याइतकीच जुनी असावी. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना पुन्हा तरुण केले ही कथा आपल्याकडे इतकी रुजली की, त्यांच्या नावाचा अवलेह आजही घरोघरी चाटला जातो. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व नवा जोम आल्याची ग्वाही दिली. १८९४ मध्ये तो निवर्तला. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनीही कायाकल्प करून पाहिला. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशी गर्भपेशींसारख्या अवस्थेत नेल्या, आणि जुन्या आशेला प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

हे साधेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा. आम्हांस पडतो तो निराळा: परत आलेल्या तारुण्याची किंमत कोण देतो? महाभारतकाराने तो ययातीच्या कथेत मांडला आहे. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली, तेव्हा ययातीने मुलांपुढे हात पसरले. चौघांनी नकार दिला. धाकट्या पुरूने बापाचे वार्धक्य घेतले.

आजच्या विद्येला कोणा पुरूचे तारुण्य लागणार नाही, असे कोणी म्हणेल. देहापुरते ते खरे. पण तारुण्य म्हणजे केवळ सतेज देह नव्हे. जगात पाय रोवण्याची ती संधीही असते, आणि जागा मोजक्या असतात. नोकरीत आयुष्य घालविणाऱ्यांस हे सांगावयास नको. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ आणि १९९८ साली ६० केले. त्यात गैर काही नव्हते. तरी खालच्या पायरीवरचा मनुष्य बढतीची आणि दाराबाहेरचा उमेदवार नेमणुकीची वाट तेवढी अधिक पाहत राहिलाच. दोन-तीन वर्षांची ही कथा. मग शतकभर खुर्ची न सोडणाऱ्या तरुण वृद्धांच्या राज्यात पुरूने जावे कोठे?

व्याधी टळाव्यात, दृष्टी शाबूत राहावी, कोणावर भार होऊ नये, ही इच्छा निर्दोष आहे. तीत कोणाचे काही हिरावले जात नाही. दोष आहे तो आपली पाळी संपलीच नाही असे मानण्यात. भोगाने वासना शमत नाही हे ययातीस अखेर उमगले. परंतु त्याचे मोठेपण आम्हांस त्यापुढच्या कृतीत दिसते. त्याने पुरूचे तारुण्य परत केले, त्यालाच राज्यावर बसविले आणि स्वतः वनाची वाट धरली. कायाकल्पाची विद्या उद्या खरोखर हाती आली, तरी हे ऋण फेडण्याची रीत आपल्याला ययातीकडूनच शिकावी लागेल.