पखवाजावर नाव कोणाचं?

हरिनाम सप्ताहाची पत्रिका एकदा नीट वाचून पाहावी. वर ‘श्री’, खाली पांडुरंगाचं चित्र. मग पहाटेचा काकडा, सकाळचं पारायण, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन आणि सातही दिवसांच्या कीर्तनकारांची नावं. त्याखाली गायक, मृदंगाचार्य, वीणेकरी, चोपदार. मग अन्नदाते: पहिल्या दिवशी पंगत कोणाची, काल्याच्या दिवशी कोणाची. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, ‘सौजन्य’. त्या कोपऱ्यात कधी कृषी सेवा केंद्र असतं, कधी पतसंस्था, कधी सराफाची पेढी. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावागावांत अशा पत्रिका वाटल्या जातात आणि वाचून झाल्या की देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवल्या जातात.

उद्या त्या कोपऱ्यात मद्याच्या कारखान्याचं नाव आलं तर? भजन स्पर्धेचं पहिलं बक्षीस एखाद्या डिस्टिलरीने पुरस्कृत केलं तर?

हा प्रश्न हवेतला नाही. स्कॉटलंडमध्ये पारंपरिक संगीताचे राष्ट्रीय पुरस्कार २००३ पासून दिले जातात, आणि छोट्या बेटावरच्या डिस्टिलरीने अशा पुरस्कारांचं प्रायोजकत्व घेणं तिकडे रीतीला धरूनच आहे. स्काय बेटाशेजारचं रासे हे चिमुकलं बेट पाहावं. जेमतेम दीडदोनशे वस्ती. व्हिक्टोरिया राणीचा पहिला बॅगपाइपवादक अँगस मॅके याच बेटावरचा. तिथे २०१७ मध्ये व्हिस्कीची डिस्टिलरी सुरू झाली आणि तरुणांना बेटावरच काम मिळण्याची वाट उघडली. गंमत अशी की १९व्या शतकात याच मुलखात धर्माचा रोष वाद्यांवर होता. स्कायवर धर्मोपदेशकांच्या सांगण्यावरून लोकांनी आपल्या फिडल आणि पाइप जाळून टाकल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पवित्र काय आणि अपवित्र काय, याची रेघ प्रत्येक मुलूख वेगळ्या जागी ओढतो.

आपल्याकडे तंबाखूच्या पैशाने गाणं जगवल्याचं उदाहरण तर फार मोठं आहे. इम्पीरियल टोबॅको म्हणून १९१० मध्ये सुरू झालेल्या आयटीसी कंपनीने १९७० च्या दशकात संगीत संमेलनं भरवायला सुरुवात केली आणि कोलकात्यात संगीत रिसर्च अकादमी उभारली. राजाश्रय संपून गायक उघड्यावर पडले होते, तेव्हा गुरूंना घर आणि शिष्यांना विद्यावेतन मिळेल अशी ती जागा होती. विदर्भात जन्मलेल्या पंडित उल्हास कशाळकरांनी तिथे वर्षानुवर्षं विद्या दिली. त्या अकादमीतून बाहेर पडलेला ख्याल ऐकताना त्यात सिगारेटचा धूर शोधणं अन्यायाचं होईल. आणि तरीही विदर्भातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात जाऊन आल्यावर, त्या पैशाचा हिशेब तेवढ्यावर मिटवताही येत नाही.

धर्मशास्त्राच्या भाषेत हा द्रव्यशुद्धीचा प्रश्न आहे. धनाला त्याच्या उगमाचा दोष लागतो का? आणि लागत असेल, तर त्या धनातून झालेल्या सत्कर्मालाही तो चिकटतो का?

याचं उत्तर शोधायला बुलढाण्यापासून लांब जावं लागत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. ज्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही आणि ज्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्या चोखोबांनी उसाचा दृष्टान्त देऊन वरचं रूप आणि अंतरीचा भाव यांतला फरक दाखवला. तो अभंग महाराष्ट्राला पाठ आहे. पण ऊस रसापाशी थांबत नाही. साखर काढली की मळी उरते. मळी आंबवली, उकळून तिची वाफ थंड केली, की मद्यार्क. त्याच मद्यार्काची एकीकडे दारू होते, दुसरीकडे औषध. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी त्याचंच सॅनिटायझर केलं आणि ते दवाखान्यांत पोहोचलं. मग दोष नेमका कुठे शिरला? उसात नाही, मळीत नाही, तांब्याच्या भांड्यातही नाही. वस्तू निर्दोष आहे. दोष आला तर तो वापरातून आणि हेतूतून येतो.

शेगावची गोष्ट हेच वेगळ्या वाटेने सांगते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ पोथीची सुरुवातीची ही हकिकत घरोघरी वाचली जाते. सोवळ्याच्या हिशेबाने त्याहून अशुद्ध अन्न नाही. महाराजांच्या लेखी ते अन्न होतं, एवढं पुरे होतं. महाराज चिलीमही ओढत. बुद्धांनीही वैशालीच्या आम्रपालीचं भोजन आणि तिची आमराई स्वीकारली, तिच्या व्यवसायाकडे पाहून नकार दिला नाही. दात्याला दारातून हाकलणं ही आपल्या संतांची रीत नव्हे.

मात्र त्याच बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरीही हेच व्रत घेतो. आणि गाडगेबाबा? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या डेबूचे वडील दारूपायी गेले. पुढे तोच डेबू हातात खराटा आणि गाडगं घेऊन गावोगाव हिंडला आणि कीर्तनातून दारूवर तुटून पडला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालायची जातीची रीत त्याने मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. त्या माणसाच्या कीर्तनामागे दारूच्या कारखान्याचा फलक लावलेला कोणाला पाहवेल?

सातपुड्याच्या पायथ्याला मात्र चित्र निराळं आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिलाला, निहाल, कोरकू वस्त्या आहेत. या मुलखात मोहाची दारू देवाला आणि पितरांना वाहायची चीज आहे. ढोल वाजतो, धार जमिनीवर सोडली जाते, मग माणसं घेतात. इथे दारू आणि संगीत एकाच पूजेत आहेत, आणि तरी तिथे कोणी कोणाचा प्रायोजक नाही. त्या दारूला नाव नाही, बाटलीवर चिठ्ठी नाही, ढोलावर जाहिरात नाही. मोह फुलतो तो विकण्यासाठीच, असं तिथल्या देवाला कोणी सांगितलेलं नाही.

खरी गाठ इथे सुटते. पैसा शुद्ध की अशुद्ध, हा वाद कधी संपणार नाही, कारण पूर्ण शुद्ध पैसा सापडणं कठीण. सरकार संतसाहित्यासाठी ज्ञानोबा-तुकाराम पुरस्कार देतं आणि तमाशासाठी विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा. ज्या तिजोरीतून ते दिले जातात, तिच्यात दरवर्षी मद्यावरच्या उत्पादन शुल्काचे हजारो कोटी रुपये जमा होतात. म्हणून कोणी ते पुरस्कार मद्याचे म्हणत नाही. का? कारण त्यांवर मद्याचं नाव नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी पैशाच्या उगमावरून केलेली नाही. देणाऱ्याच्या अपेक्षेवरून, आणि देश, काळ, पात्र पाहून केली आहे. परतफेडीची आशा नसलेलं ते सात्त्विक, मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. प्रायोजकत्व हा उघड उघड मोबदल्याचा करार आहे, आणि मोबदला असतो नावाचा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्याच्या जाहिरातीला मनाई केली. त्यावर मद्य कंपन्यांनी काढलेली पळवाट म्हणजे तेच नाव सोड्याला द्यायचं, गाण्याच्या सीडीला द्यायचं, संगीत महोत्सवाला द्यायचं. तिथे संगीत हा पाहुणा नसतो, तो बुरखा असतो.

आणि भजन म्हणजे तर नामाचंच काम. तास दोन तास टाळ कुटायचे, गळा बसेपर्यंत गायचं, ते एकाच नावासाठी. त्या जागेवर दुसरं नाव चढवणं हा नुसता सजावटीतला फेरफार नव्हे. ते भजनाच्या गाभ्यालाच हात घालणं आहे. अन्नदात्यांची नावं पत्रिकेत असतात, हे खरं. पण तो अन्नदाता गावचाच असतो, पंगतीत स्वतः वाढायला उभा राहतो, आणि त्याच्या नावावर काही विकलं जात नाही.

दुसरी रीत याच जिल्ह्यात आहे. शेगावचं संस्थान भजनी मंडळांना वीणा, मृदंग, टाळ आणि संतांचे ग्रंथ देत आलं आहे. तो मृदंग भक्तांच्या लहानमोठ्या देणग्यांतून आलेला असतो. त्यातली एखादी नोट दारूच्या दुकानातून आलेली असेलही. महाराजांच्या पेटीत पडताना तिने नाव सांगितलेलं नसतं. चर्मवाद्याला शाई भरायची असो, ओढ बदलायची असो की टाळांची जोडी घ्यायची असो, मंडळांना पैसा लागतोच. मद्य कारखान्याच्या मालकालाही भजनाची ओढ असू शकते. त्याने पेटीत टाकावं आणि मागच्या रांगेत बसून ऐकावं. त्याला कोणी उठवू नये.

फलकाची गोष्ट आली, तर ती ठरवणारी माणसं गावात आधीच आहेत. राज्याच्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारू दुकानासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. दुकान राहावं की जावं, हे ज्या बायांना विचारलं जातं, त्यांनाच पत्रिकेच्या तळाच्या कोपऱ्याबद्दलही विचारायला हवं. भजनी मंडळांच्या चालकांना एवढीच विनंती: यंदाची पत्रिका छापायला टाकण्याआधी ती एकदा काकड्याला येणाऱ्या बायांच्या हातात द्या, आणि ‘सौजन्य’ पुढचं नाव त्यांच्याकडून वाचून घ्या.