रात्रीच्या तासांची वाटणी

३० जानेवारी १९४९पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्रीच्या सुमारास चार विमाने एकत्र येऊ लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी ती यायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि ती आपापल्या शहरांकडे परतायची. ही व्यवस्था १९७३पर्यंत चालली. नागपूरकर तिच्याविषयी अजूनही अभिमानाने बोलतात, कारण आपले शहर देशाच्या मध्यावर आहे याचा तो रोजचा पुरावा होता. अपघातही झाले. १२ डिसेंबर १९५३ला नागपूरहून उडालेले टपालाचे विमान इंजिनाच्या बिघाडामुळे लगेच कोसळले, १३ जण गेले आणि एकटा वैमानिक वाचला. या सेवेचा इतिहास सांगताना टपाल किती लवकर पोहोचायचे हे सांगितले जाते. ती रात्र कोणत्या वैमानिकाच्या वाट्याला यायची आणि ते कोण ठरवायचे, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

प्रश्न मात्र तिथेच आहे. उड्डाणाचा तास वैमानिकासाठी एकाच वेळी अनेक गोष्टी असतो. तो पगार असतो, कारण मूळ वेतनाच्या जोडीला तासांवर मिळणारा भत्ता मोठा असतो. तो बढतीही असतो. एटीपीएल या सर्वांत वरच्या परवान्यासाठी लॉगबुकात १५०० तास लागतात. तोवर को-पायलटने कमांडरच्या डाव्या खुर्चीकडे नुसते बघत बसायचे. आणि तो थकवा असतो, म्हणून तर वर्षाला १००० तासांची मर्यादा घातलेली आहे. तरुण को-पायलटला तास हवे असतात, पन्नाशीतल्या कमांडरला ते निवडून हवे असतात, कंपनीला ते स्वस्तात हवे असतात. रोस्टर एकच आणि ते याच तिघांना पुरवायचे, म्हणजे भांडण ठरलेलेच.

हे भांडण आपल्याकडे सर्वांत उघडपणे पेटले ते एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या विलीनीकरणानंतर. २००७ साली दोन कंपन्यांची एक झाली, वैमानिकांचे गट मात्र दोनच राहिले. २०११च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहा दिवस संपावर गेले. मागणी वेतनसमानतेची होती आणि तिच्या पोटात दुसरी मागणी होती ठरावीक तासांच्या भत्त्याच्या हमीची. संपानंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी बाजू उलटली. ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरताच एअर इंडियाचे मूळ वैमानिक ५८ दिवस संपावर गेले. मोठे विमान म्हणजे लांबचा पल्ला, जास्त तास आणि जास्त पैसा. म्हणून हा वाद वरवर प्रशिक्षणाचा होता आणि आतून रांगेतल्या जागेचा.

दोन्ही संपांत प्रवाशांचे हाल झाले आणि वर्तमानपत्रांनी वैमानिकांना लाडावलेले ठरवले. लाखांचा पगार घेणारे लोक तासांसाठी रस्त्यावर येतात, हे मध्यमवर्गाला पचणे अवघडच. पण तासांची हमी ही चैन नाही, हे कोविडने दाखवले. त्याआधी एअर इंडियात महिन्याला ७० तासांच्या भत्त्याची हमी होती. विमाने जमिनीवर आल्यावर ती गेली, आणि टाटांकडे कंपनी आल्यानंतर २०२३मध्ये नवी वेतनरचना आली, तीत हमी ४० तासांची. वैमानिक संघटनांनी विरोध केला. एप्रिल २०२४मध्ये एअर इंडियात विलीन होण्याच्या वाटेवर असलेल्या विस्तारा या कंपनीच्या वैमानिकांपुढे हीच ४० तासांची रचना आली. अनेकांनी आजारपणाची रजा टाकली, शंभराहून जास्त उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला आपले वेळापत्रकच कापावे लागले.

७० आणि ४० यांतला फरक केवळ पैशांचा नाही. ७० तासांची हमी असलेला वैमानिक सकाळी उठून अंग साथ देत नाही असे वाटले तर तसे कळवू शकतो. त्याचा महिना फारसा बिघडत नाही. ४० तासांवर असलेल्याला पुढचा प्रत्येक तास कमवायचा असतो. घराचा हप्ता, आणि तरुण असेल तर प्रशिक्षणाचे कर्ज डोक्यावर. असा माणूस ‘मी थकलो आहे’ असे सहज म्हणणार नाही. सुरक्षेचे नियम एका कागदावर आणि पगाराची रचना दुसऱ्या कागदावर लिहिली की दुसरा कागद पहिल्याला हरवतो.

मग तास वाटायचे कसे? जुने उत्तर ज्येष्ठतेचे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिकाचा क्रमांक त्याचे जवळपास सगळे आयुष्य ठरवतो. कोणते विमान, कोणता तळ, कोणती सुट्टी, महिन्याची कोणती फेरी, सगळे वरून खाली निवडत यायचे, खालच्याला उरलेसुरले. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण तिचा एक मोठा गुण आहे. तिला तोंड बघून वाढता येत नाही. साहेबाच्या मर्जीतला वैमानिक क्रमांकापुढे हतबल असतो. ज्येष्ठता यादीचे महत्त्व नागपूरला वेगळे सांगायला नको. सरकारी नोकरांचे हे शहर आहे आणि त्यांच्या नोकरीविषयीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठही इथे आहे.

पण यादी जितकी पवित्र, तितके तिच्यावरचे भांडण चिवट. २००५मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. २००७मध्ये लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी दोन याद्यांची एक यादी करून दिली, तेव्हा एकीकडे वर्षानुवर्षे घालवलेले काही वैमानिक दुसरीकडे नुकत्याच लागलेल्यांच्या आसपास येऊन पडले. पूर्वेकडच्या, म्हणजे मूळच्या यूएस एअरवेजच्या, वैमानिकांनी तो निवाडा मानला नाही, जुनी संघटना सोडून नवी काढली आणि एकाच कंपनीतले दोन गट अनेक वर्षे वेगवेगळ्या याद्यांवर उडत राहिले.

आपल्याकडे ज्येष्ठतेचा उपयोग मुख्यतः बढतीपुरता होतो. को-पायलटचा कमांडर कधी व्हायचा, लहान विमानावरून मोठ्यावर कधी जायचे, हे रांगेवर ठरते. महिन्याचे रोस्टर मात्र कंपनीचा नियोजन विभाग बनवतो, हल्ली संगणकाच्या मदतीने. बढतीसाठी रांग असावी, याला पर्याय दिसत नाही. रात्रीसाठी मात्र ज्येष्ठताही नको आणि संगणकाची मनमानीही नको. कोणत्याही एसटी आगारात रातराणीची ड्युटी पुन्हा पुन्हा त्याच चालकाला लागली तर कुजबुज सुरू होते. सगळ्यांना कळते, कारण ड्युटीचा तक्ता सगळ्यांना दिसतो. विमान कंपनीत एकाच्या वाट्याला आलेल्या रात्री दुसऱ्याला सहसा दिसत नाहीत.

१७ ऑगस्ट २०२३ला नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी आलेला इंडिगोचा ४० वर्षांचा कमांडर बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सातच्या दरम्यान त्याने तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर अशी दोन सेक्टर, म्हणजे दोन उड्डाणे, केली होती. त्यानंतर २७ तासांची विश्रांती झाली होती आणि त्या दिवशी चार सेक्टर करायची होती. मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे. त्याचा दोष रोस्टरवर ढकलणे चुकीचे ठरेल. विश्रांती नियमांत बसत होती. पण लोकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता: पहाटे तीनचा तास आणि दुपारी तीनचा तास लॉगबुकात सारखाच का मोजायचा?

अनुभव झोपेवर मात करत नाही, याचा धडा २२ मे २०१०ला मंगळूरला मिळाला होता. रात्री दुबईहून निघून सकाळी उतरणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ जण मरण पावले. कमांडरकडे दहा हजारांहून जास्त तास होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या घोरण्याचा आवाज होता. को-पायलटने उतरणे सोडून पुन्हा वर जायला तीनदा सांगितले, ते ऐकले गेले नाही. अधिकार ज्येष्ठाकडे आणि जागे डोळे कनिष्ठाकडे, अशी ती अवस्था होती.

जानेवारी २०२४मध्ये डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम आणले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्र पहाटे ५ऐवजी ६पर्यंत धरली गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणीची १ जून २०२४ची तारीख कंपन्यांच्या दबावाने टळली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. दुसरा टप्पा लागून जेमतेम महिना झाला तोच, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. तरीही सरकारने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. परीक्षेला न बसलेल्याला गुण देण्याचाच हा प्रकार होता.

शिवाय हे नियम कमाल मर्यादा सांगतात, वाटणी सांगत नाहीत. दोन वैमानिक महिन्याला सारखेच तास उडू शकतात आणि एकाच्या वाट्याला दुप्पट-तिप्पट रात्री येऊ शकतात. कायदा मोडत नाही. इथे एक खरी अडचण आहे. रात्री सर्वांना तंतोतंत सारख्या वाटल्या तर तेही शहाणपणाचे नाही. काहींना रात्रीची ड्युटी सोसते, काहींना लहान मुलांमुळे दिवसा घरी राहायचे असते. नवा कमांडर आणि नवा को-पायलट एकत्र पाठवता येत नाहीत. ज्येष्ठांनी दिवस वाटून घेतले तर रात्री अनुभव कमी पडेल. म्हणून अदलाबदलीची मोकळीक हवी, पण तिचा हिशेब उघडा हवा. रात्रीचा तास दिवसाच्या तासापेक्षा जास्त वजनाने मोजावा, म्हणजे जो रात्र घेईल त्याचा महिन्याचा कोटा आधी भरेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक तळावर कोणत्या वैमानिकाला किती रात्री, किती पहाटेची उड्डाणे आणि किती रात्रीची लँडिंग मिळाली, याचा तक्ता दर महिन्याला तिथल्या सर्व वैमानिकांपुढे ठेवावा, असे डीजीसीएने कंपन्यांना सांगावे. आणि वैमानिक संघटनांनीही पुढच्या वेतनकरारात ७० तासांच्या हमीबरोबर हा तक्ता मागावा. आजवर त्यांनी ज्येष्ठता यादीसाठी जितका जोर लावला, त्याच्या निम्मा जरी इथे लावला तरी तो मिळेल.