एका रोपाची प्रजा

कॉफीच्या इतिहासात राजे, खलाशी, सूफी साधक असे सगळे भेटतात. मला त्याहून मोलाची वाटते ती या झाडाची एक खोड. अरेबिका कॉफी स्वतःच्याच परागावर फळते. उन्हाळ्यातली एखादी सर पडून गेली की आठवड्या-दीड आठवड्यात फांद्या पांढऱ्या होतात, जाईसारखा वास सुटतो. पण बहुतेक फुलांचं परागीभवन फूल पुरतं उमलायच्या आत उरकलेलं असतं. दुसऱ्या झाडाची गरज पडत नाही. एक रोप जगवलं, तरी त्याच्या बियांवर पुढे मळे उभे राहू शकतात.

ही कॉफी जगभर गेली ती याच बळावर. तिचं मूळ घर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडची डोंगरी जंगलं. तिथून थोडं बी येमेनला गेलं. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जपाला जागं राहण्यासाठी कॉफी पीत. बाबा बुडन यांनी हजहून येताना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. डचांनी मलबारातून जावाला रोपं नेली आणि १७०६ मध्ये जावातलं रोप ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं. त्याच वंशातलं एक रोप १७१४ मध्ये चौदाव्या लुईला भेट मिळालं. पुढे १७२३ मध्ये द क्लिय नावाचा फ्रेंच अधिकारी पॅरिसहून असंच रोप घेऊन मार्टिनिकला निघाला. वाटेत पाण्याची टंचाई झाली, तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी त्याने रोपाला घातलं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. १७२७ मध्ये फ्रेंच गयानातून ब्राझीललाही कॉफी गेली. या सगळ्या प्रवासात कुणी हजार झाडं पारखून उत्तम वाण निवडलं नव्हतं. जे हाती लागलं आणि जहाजावर तगलं, त्याची प्रजा वाढली.

प्रजा वाढली, पण सगळी एकाच रक्ताची. त्याची किंमत १८६९ मध्ये सिलोनमध्ये दिसू लागली. पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी धरायची, बोट फिरवलं तर बोटाला लागायची; मग पानं गळायची आणि झाड उघडं पडायचं. हा कॉफीचा तांबेरा. जिथे एका झाडाला तो झेपत नव्हता, तिथे शेजारच्या लाखो झाडांनाही झेपणार नव्हता. हॅरी मार्शल वॉर्ड या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० ते १८८२ या काळात तिथे राहून बुरशीचा जीवनक्रम उलगडला, पण तोवर उशीर झाला होता. मळेवाल्यांनी कॉफी उपटून चहा लावला. १९७० मध्ये तोच तांबेरा ब्राझीलमध्ये सापडला.

मदत आली ती परक्या रक्ताकडून. तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप संकर झालेलं एक झाड सापडलं. त्याने तांबेऱ्याला दाद दिली नाही आणि आजचे अनेक रोगप्रतिकारक वाण त्याच्यापासून निघाले. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या एस. ७९५ मध्येही लायबेरिका या दुसऱ्या जातीचा अंश आहे.

खरं वैविध्य मात्र अजून इथिओपियाच्या जंगलातच आहे, आणि ती जंगलं तुटत चालली आहेत. कॉफीचं बी धान्यासारखं वाळवून, गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. त्याची उगवणशक्ती लवकर जाते. म्हणून १९६४-६५ मध्ये एका मोहिमेने तिथून गोळा केलेलं बी कोस्टा रिकातल्या तुरियाल्बा इथे पेरलं गेलं आणि तो संग्रह आजही उघड्या शेतात, जिवंत झाडांच्या रूपात सांभाळावा लागतो.