‘पल्सर नाही’ असं लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,


खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर तुला वेळ मिळाला, हे ऐकून फार आनंद झाला. पल्सर शोधण्यासाठी केलेली सुपरनोव्हा-अवशेषांची तुझी यादी पाहिली. ती थोडी छाट. काही स्फोटांत ताऱ्याचं काहीच उरत नाही, तिथे शोधणार काय? ज्यांचा मध्यभाग तेजोमेघाने भरलेला आहे ते आधी घे, कारण त्या तेजाला आतून कोणीतरी ऊर्जा पुरवत असतं.

जी२१.५-०.९ या अवशेषाचं रूप असंच होतं. आत पल्सर असणार असं वाटत होतं, पण त्याचे रेडिओ ठोके मिळत नव्हते. २००५ मध्ये यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तुझ्याच या दुर्बिणीने ते पकडले; पार्क्सच्या दुर्बिणीलाही स्वतंत्रपणे मिळाले. आवर्तकाल सुमारे ६२ मिलिसेकंद. गुप्तांचा तो शोधनिबंध नीट वाच.

तेजोमेघ स्वतःच रेडिओलहरींचा गोंगाट करतो आणि क्षीण ठोके त्यात बुडतात. अँटेना कलाजुळणी करून वापरल्यास दुर्बिणीचा झोत अरुंद होतो, मेघाचा बराच भाग बाहेर राहतो. पण जुन्या अवशेषांत सावध राहा. जन्मावेळच्या धक्क्याने पल्सर सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने निघालेला असतो, तो केंद्रात सापडेलच असं नाही. तिथे कडेपर्यंत शोध.

वारंवारिता निवडतानाही घाई नको. खालच्या वारंवारितेला पल्सर अधिक तेजस्वी असतात खरे, पण वाटेतला वायू त्यांचे ठोके पसरवून टाकतो. वारंवारिता दुप्पट केलीस की हे पसरणं सुमारे सोळापट घटतं. आकाशगंगेच्या आतल्या भागातल्या दूरच्या अवशेषांसाठी मी वरचाच पट्टा घेईन.

ठोका दिसला, तरी सगळ्या वारंवारितांना तो एकाच क्षणी पोचत असेल तर तो पृथ्वीवरचाच समज. खऱ्या पल्सरचा ठोका खालच्या वारंवारितेला उशिरा येतो. वीस मिलिसेकंदांचा आवर्तकाल दिसला, तर आधी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर संशय घे.

बहुतेक वेळा काहीच मिळणार नाही. तेव्हा ‘पल्सर नाही’ असं लिहू नकोस. पल्सरचा रेडिओझोत आपल्याकडे वळलेलाच नसेल, किंवा तो फार मंद असेल. थ्रीसी ५८ या अवशेषामधले ६५ मिलिसेकंदांचे ठोके आधी एक्स-किरणांत सापडले, मग २००२ मध्ये ग्रीन बँकच्या दुर्बिणीला त्याच पल्सरची अतिशय क्षीण रेडिओ स्पंदनं मिळाली. म्हणून किती मिलीजान्स्की तीव्रतेपर्यंत, कोणत्या पट्ट्यात, कुठल्या जागी शोधलंस, ते आकड्यांत दे. दर रात्री एक ओळखीचा पल्सर आधी टिपून घे, म्हणजे त्या आकड्यांवर दुसऱ्याला विसंबता येईल. आणि मूळ नोंदी पुसू नकोस.

तुझे,
सर