चांद्ररात्र आणि निद्रेची भाषा

२ सप्टेंबर २०२३ रोजी बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रातून चांद्रयान-३च्या ‘प्रज्ञान’ बग्गीला अखेरच्या आज्ञा गेल्या. वैज्ञानिक उपकरणे बंद झाली. विद्युत्घट पूर्ण भारित होता; २२ सप्टेंबरला अपेक्षित असलेल्या सूर्योदयाचे किरण पडावेत अशा बेताने सौरपट्टी ठेवलेली होती, आणि संदेश ग्रहण करणारे यंत्र तेवढे चालू होते. दोन दिवसांनी ‘विक्रम’ अवतरकाचीही हीच व्यवस्था झाली. या क्रियेला निर्मात्यांनी निद्रा म्हटले, आणि तो शब्द घरोघरी पोचला. २२ तारखेनंतर दिलेल्या हाकांना मात्र उत्तर आले नाही.

जे कधी जागेच नव्हते ते झोपते कसे, हा प्रश्न वरवरचा आहे. भाषा अशा अलंकारांवाचून चालत नाही. खरा प्रश्न नैतिक आहे. निद्रा म्हटले की जाग गृहीत धरली जाते, आणि निजणारा आपणहून निजतो असेही सूचित होते. येथे निजवणारा कोणी होता.

चंद्रावरची रात्र पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांची असते आणि तिथली थंडी विद्युत्घटांना, सांध्यांना सोसवत नाही. तिच्यावर उपाय नाही असे नव्हे. १९७० साली उतरलेल्या सोव्हिएत ‘लुनोखोद-१’मध्ये पोलोनियमच्या किरणोत्सर्गातून ऊब मिळे; ते सुमारे दहा महिने काम करीत राहिले. सव्वीस किलोंच्या ‘प्रज्ञान’ला ती ऊब दिलेली नव्हती. मोहीम एका चांद्रदिवसापुरती आखलेली होती आणि तसे उघडपणे सांगितलेही होते. म्हणजे जी रात्र चंद्रावर सप्टेंबरात पडली, ती आराखड्याच्या कागदावर कितीतरी आधी पडलेली होती. त्या निर्णयात लबाडी नव्हती. वजन, खर्च आणि उद्दिष्ट यांचा हिशेब होता. पण निद्रेच्या भाषेत हा हिशेबच दिसेनासा होतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. त्या खांदमळणीत माया असते, तसा कबुलीजबाबही असतो: या खांद्यावरचा घट्टा माझ्या जुवाचा आहे. बैलाला वेदना होते, यंत्राला होत नाही. तेव्हा तुलना इथेच थांबायला हवी असे कोणी म्हणेल. परंतु खंडेनवमीला महाराष्ट्रात आणि आयुधपूजेला कर्नाटकात नांगराला, हत्याराला फूल वाहिले जाते, तेव्हा त्या लोखंडाला काही कळते असे कोणीच मानीत नाही. ते फूल वापरणाऱ्याच्या बाजूचे असते. ऋण मानायला ऋणको पुरतो. धनको सजीव असावाच लागतो असे नाही.

या न्यायाने बेंगळुरूच्या अभियंत्यांची माया खोटी ठरत नाही. तमिळनाडूतील सित्तमपुंडीचा खडक कुटून त्यांनी चंद्राच्या मातीसारखी माती सिद्ध केली होती. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पहिला ‘विक्रम’ उतरता उतरता आदळला होता. त्यानंतरची चार वर्षे पायांची बळकटी, इंधन, संवेदक यांची उजळणी करण्यात गेली. एवढ्या श्रमांनंतर माणूस वस्तूला नावाने हाक मारतो. हाक मारू नये असे सांगणे कोरडेपणाचे होईल. मात्र खांदमळणीत जी कबुली असते ती निद्रेच्या शब्दात नाही. ‘आम्ही याला एका दिवसापुरतेच घडवले’ हे वाक्य अधिक कठोर आहे, पण ममतेला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. उलट त्या वाक्यानंतरही यंत्राचे कान उघडे ठेवणे ही आशा अधिक निर्मळ ठरते. हरण्याची शक्यता माहीत असूनही लावलेला तो दिवा होता.

‘विक्रम’च्या माथ्यावर नासाने दिलेला पाच सेंटिमीटरांचा एक घुमट आहे. त्यात स्फटिकाचे आठ लोलक बसवलेले आहेत. त्यांना वीज लागत नाही, ऊब लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने सुमारे शंभर किलोमीटरांवरून त्यावर लेसरचा झोत टाकला, आणि प्रकाश परत आला.